मॅचचा उपास

"पाय पोटाशी घे, वसंता. दिवा कलंडला तर तुझ्या नवऱ्याची नोकरी कलंडेल," मामंजी म्हणाले, आणि स्वतःचे पाय मात्र पेंढ्यात लांब सोडून बसले.

व्हॅन नाचियार्कोविलच्या पितळी दिव्यांच्या पेढीची होती. हे तिथं गाडीवर कामाला. शनिवारी तंजावरला माल पोचवायचा होता आणि त्याच शनिवारी तंजावरला मॅच होती, म्हणून यांनी मालकांना विचारलं. मालक म्हणाले, घरच्यांना न्या, पण मोठा दिवा पुढच्या सीटवर बसेल. तेव्हा यांच्या शेजारी चादर गुंडाळलेला पाच फुटी दिवा ऐटीत बसला होता, आणि मागं पेंढ्यातल्या सतरा दिव्यांमध्ये मामंजी, मी आणि माझ्या मांडीवर तीन वर्षांची अलमू. चिंचेच्या भाताचा डबा मी लुगड्याच्या घोळात धरला होता.

मॅच कॉलेजांची. फुटबॉलची फायनल. माझा धाकटा दीर चंद्रमौली डाव्या बाजूला पुढं खेळायचा. संघाबरोबर तो गुरुवारीच तंजावरला गेला होता. आम्ही येणार हे त्याला ठाऊक नव्हतं. आम्हालाही शुक्रवारी दुपारपर्यंत ठाऊक नव्हतं.

चंद्रमौलीच्याच कॉलेजात मामंजींनी एकतीस वर्षं नोकरी केली. खेळांच्या खोलीचे अटेंडर. सकाळी मैदानावर चुन्याच्या रेघा मारायच्या, गोलाच्या जाळ्या बांधायच्या, चेंडूत हवा भरायची. हवा भरणं कुणालाही जमतं, असं ते म्हणत. खरं काम पुढचं. चेंडूचं तोंड चामड्याच्या वादीनं शिवायचं आणि वादीचं टोक असं आत सारायचं की वर गाठ राहू नये. गाठ राहिली आणि पोरानं डोकं लावलं, तर कपाळ फुटतं. शिवून झालं की मामंजी तो चेंडू स्वतःच्या कपाळावरून एकदा फिरवत. त्यांच्या वेळी कुणाचं कपाळ फुटलं नाही. बक्षीससमारंभात याचा उल्लेख कधी झाला नाही, आणि होण्यासारखी ती गोष्टही नव्हती.

त्या वाद्यांना सासूबाई घरी तेल चोळून ठेवायच्या. पावसाळ्याच्या आधी एकदा, दिवाळीनंतर एकदा. मी लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, घरात कुणाची तरी जोड्यांची दुकानदारी आहे. तेल चोळता चोळता त्या दरवर्षी एकच बोलायच्या. "एकदा मला न्या की तुमच्या मॅचला. हा एवढा मोठा वास मी घरात घेतें, तो चेंडू उडतो कसा तें तरी बघूं दे."

"बायकांना काय आहे तिथं?" मामंजी म्हणायचे.

दोन वर्षांपूर्वी मार्गळी महिन्यातल्या थंडीत सासूबाई गेल्या. मागच्या वर्षी मामंजी निवृत्त झाले. शुक्रवारी व्हॅनची गोष्ट निघाली तेव्हा ते ओसरीवर नखं काढत होते. मान वर न करता म्हणाले, "वसंतालाही घे. पोरीलाही."

पापनाशम गेलं. दोन्ही बाजूंना भात पोटरीला आला होता. अलमू प्रत्येक बगळ्याला हात करत होती. मामंजी सगळ्यांत छोटा दिवा मांडीवर घेऊन त्याची पेंढ्याची दोरी पुन्हा नीट बांधत होते. ती सैल झाली नव्हती.

"आप्पा, दोन इडल्या तरी खायच्या होत्या," पुढून हे ओरडले. मागच्या आणि पुढच्या भागांत पत्र्याची भिंत होती आणि तिला हातभर खिडकी.

"मॅच आहे," मामंजी म्हणाले.

मॅचच्या दिवशी ते जेवत नसत. चेंडू परत खोलीत गेला, कुलूप लागलं, की मग घरी येऊन पान वाढायचं. पहिल्याच वर्षी केव्हातरी ते जेवायला गेले असताना चेंडूची हवा गेली होती म्हणे. तेव्हापासूनचा हा नेम. आता चेंडूशी त्यांचा काही संबंध उरला नव्हता. नेम राहिला होता.

अय्यमपेट्टैला बसच्या थांब्यावर एक भटजी हात करून उभे होते. डोक्यावर उपरणं, काखेत गाठोडं. मामंजींनी ओळखलं. तंजावरचे कल्याणरामभट, आपलेच मराठी. यांनी गाडी थांबवली. भटजी दिव्यांवरून उड्या मारत आत आले आणि पेंढ्यात बसून दम खात म्हणाले, "बस भरून गेली हो डोळ्यांदेखत. देवानं पाठवलं तुम्हाला. कुठं निघालां सहकुटुंब? लग्न आहे?"

"मॅच आहे. फुटबॉल."

"म्हणजे तें, चेंडू एक आणि त्याच्यामागं बावीस जण?"

"मागं दोघंच असतात," मामंजी म्हणाले. "बाकीचे वीस वाट बघतात."

भटजींना ते फार आवडलं. "मग माझं उलट आहे. भट एक आणि माझी वाट बघणारी घरं तीन. एकाच दिवशी तीन श्राद्धं. पहिलं आटपून दुसरीकडं धांवतों तों तिसऱ्या घरचा माणूस माझा पंचा ओढायला उभा. या अष्टमीला आपल्या लोकांत इतकी माणसं कशी गेलीं, मला कळत नाही."

"कुठली अष्टमी?" मी विचारलं. बोलायचं म्हणून विचारलं.

"आजची. मार्गशीर्ष वद्य अष्टमी."

"अजून कुठला मार्गशीर्ष, भटजी? मार्गळी परवा लागायची आहे."

"ती त्यांची मार्गळी, बाई." भटजी समजावण्याच्या सुरात बोलू लागले. हे त्यांनी पुष्कळांना समजावलं असावं. "इथल्या लोकांचे महिने सूर्याचे, आपले चंद्राचे. भिंतीवरचं कॅलेंडर त्यांचं. दोन वर्षं दोन्ही बरोबर चालतात, म्हणून बायका बिनधास्त होतात. पुढल्या वर्षी अधिक महिना आहे. त्याच्या आधीच्या वर्षी आपला महिना असा पुढं पळतो. मार्गशीर्ष लागून तीन आठवडे झाले. कां, काय झालं?"

सासूबाई मार्गशीर्ष वद्य अष्टमीला गेल्या होत्या.

घरातल्या सगळ्या तिथ्या त्यांच्या डोक्यात असत. त्यांना वाचता येत नव्हतं. पाडव्याला चंद्रमौली पंचांग घेऊन बसायचा, महिने वाचून दाखवायचा, आणि त्या बोटांवर मोजून वर्षभराचं सगळं ठेवून द्यायच्या. आजेसासरे, आजेसासू, लहानपणी गेलेला एक दीर, सगळे. त्या गेल्यावर पहिल्या वर्षी घरच्या भटजींनी निरोप पाठवला. मग तेही मुलाकडं मद्रासला गेले. या वर्षी ते काम माझ्याकडं आलं, आणि मी भिंतीवरच्या कॅलेंडरात मार्गळीतली काळोखी अष्टमी शोधून तिच्याभोवती कुंकवाचं बोट फिरवलं होतं. ती तारीख यायला अजून महिना होता.

मामंजींनी मांडीवरचा दिवा खाली ठेवला. "वसंता, तूं कुठली धरली होतीस?"

"मार्गळीतली."

त्यांनी अलमूच्या डोक्याकडं पाहिलं. मी तिला सकाळी अबोलीचा गजरा घातला होता. मग त्यांनी पत्र्याच्या भिंतीवर दोनदा हात आपटला.

गाडी थांबली ती वेण्णार नदीच्या पुलाच्या अलीकडं. हे खाली उतरून मागं आले. काय झालं ते मामंजींनी तीन वाक्यांत सांगितलं. त्यांत माझं नाव नव्हतं.

यांना आधी कळेना. मग ते रस्त्याच्या कडेच्या मैलाच्या दगडावर बसले. "मी सकाळीं तेल लावून न्हालों," ते म्हणाले. "आईच्या दिवशीं. इडल्या खाल्ल्या. चार."

"सहा," मामंजी म्हणाले.

"आप्पा!"

"खाल्ल्या त्या खाल्ल्या. भटजी, आतां काय?"

कल्याणरामभटांनी गाठोडं सोडलं. त्यांचा चेहरा आता कामाचा झाला होता. "करणारा जेवलेला आहे, तेव्हां आज श्राद्ध नाही. तिथी चुकली तर वद्य एकादशी आहे, अमावास्या आहे. सोय आहे. तेव्हां पुरं करा. आज कुणीतरी तीळपाणी द्यावं. उपाशी असेल त्यानं. कोण आहे?"

"मी आहे," मामंजी म्हणाले.

"आणि मौळी?" हे उठून उभे राहिले. "मौळीला सांगायला होणा, आप्पा. सांगायलाच हवं. तोही तिचा मुलगा आहे. आईच्या तिथीला तो मैदानांत चेंडू लाथाडणार, आणि आपण कडेला बसून बघणार? ठाऊक असून?"

"सांगटलं तर तो खेळेल?"

"नाही खेळायचा."

"मग?"

"मग नको खेळूं दे! दहा जण खेळतील." यांचा आवाज चढला. "उद्यां त्याला कळेल, कीं आपल्या तिघांना ठाऊक होतं. तो मला काय म्हणेल? पुढं जन्मभर तो माझ्याशी बोलेल कां?"

मामंजींनी सदरा काढला, त्याची घडी घातली आणि तो माझ्या हातात दिला. "एकतीस वर्षांत आपलं कॉलेज फायनलला आलं नाही. यंदा आलं, त्यांत तो आहे. मार्चमध्ये त्याची परीक्षा, मग मैदान संपलं. मॅच संपली कीं मी सांगेन. मी. बोलायचा बंद झाला तर माझ्याशी बंद होईल. तुम्ही दोघांनी तोंड उघडायचं नाही."

"आणि तो विचारेल, आधीं कां नाही सांगटलं?"

"विचारूं दे."

ते भटजींबरोबर नदीत उतरले. डिसेंबरचं पाणी गुडघ्याएवढं होतं. मी अलमूला कडेवर घेऊन काठावर उभी होते. भटजी मंत्र सांगत होते, मधेच घड्याळ नसलेल्या मनगटाकडं बघत होते. मामंजींनी जानवं उजव्या खांद्यावर घेतलं होतं आणि ओंजळीतून अंगठ्याच्या बाजूनं काळे तीळ पाण्यात सोडत होते. नाव सांगायची वेळ आली तेव्हा भटजी थांबले. मामंजी म्हणाले, "रुक्मिणी." मी ते नाव त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं. घरात ते सासूबाईंना "अगे" म्हणत.

आजोबांकडं बोट करून अलमूनं विचारलं, "ताता काय पेरतात?"

मी तिच्या डोक्यातला गजरा काढून हातातल्या सदऱ्यावर ठेवला. मग वाटलं, एवढ्यानं काय होणार, आणि पुन्हा घातला. ती रडायला लागली होती.

भटजींना सोडून, दिवे पोचवून आम्ही मैदानावर आलो तेव्हा दोन्ही संघ बाहेर उभे होते. दोरखंडाच्या पलीकडं बाकं होती, त्यांवर प्रोफेसर मंडळी. आम्ही अलीकडं गवतावर बसलो. बायका मी धरून सहा-सात. मामंजी बसले खरे, पण ते बसणं त्यांना येत नव्हतं. सारखे कोपऱ्यातल्या निशाणाकडं बघायचे, तिथं त्यांच्या जागी आलेला नवा माणूस लिंबाच्या फोडींचं ताट घेऊन उकिडवा बसला होता.

"पट्ट्या सैल बांधल्या आहेत त्यानं," मामंजी यांना म्हणाले. "उजव्या बॅकच्या. बघ, सुटेल."

आमच्या पोरांतली निम्मी अनवाणी होती, घोट्याला पट्ट्या गुंडाळून. चंद्रमौलीही. मैदानात जाता जाता त्यानं आम्हाला पाहिलं. मी हात वर केला. तो थांबला. आधी यांच्याकडं पाहिलं, मग मामंजींकडं, मग माझ्या मोरपंखी लुगड्याकडं, अलमूच्या गजऱ्याकडं, डब्याकडं. त्याचा चेहरा असा झाला की माझा हात आपोआप खाली आला. मग तो वळून गेला, आणि त्यानंतर त्यानं या बाजूला एकदाही पाहिलं नाही.

"रागावला कां तो?" मी विचारलं.

"मॅचच्या आधीं पोरं ओळख देत नाहीत," मामंजी म्हणाले. "तसंच असतं."

मला खेळातलं कळत नाही. चेंडू पुष्कळ वेळ वर असतो आणि सगळे खाली त्याची वाट बघतात, मामंजींनी सांगितलं होतं तसंच. चंद्रमौली फार धावत होता. चेंडू त्याच्याकडं नसतानाही धावत होता. एकदा तो तिघांतून निघून गेला आणि बाकांवरचे प्रोफेसर उठून उभे राहिले. अलमूनं टाळ्या वाजवल्या. यांनी वाजवल्या नाहीत. हे पूर्ण वेळ गवताची काडी दातांत धरून बसले होते, तोंड उघडायचं नाही म्हणून.

उजव्या बॅकची पट्टी सुटली. मामंजी अर्धे उठले आणि बसले.

मध्यंतराला पोरं कडेला आली. लिंबाचं ताट फिरलं. सगळे फोडी चोखत होते, पाणी पीत होते. चंद्रमौली जरा लांब, गुडघ्यांवर हात ठेवून वाकून उभा होता. नवा माणूस ताट घेऊन त्याच्याकडं गेला. त्यानं मान हलवली. पाण्याचा तांब्या पुढं केला, त्यानं तो घेतला, चूळ भरली आणि थुंकून टाकली.

"लिंबू घेटलं नाही यानं," मामंजी म्हणाले.

"नसेल आवडत," मी म्हणाले.

"लहानपणीं माझ्याबरोबर यायचा. मॅचला नाही, लिंबासाठीं." ते त्याच्याकडंच बघत होते. "पाणीही गिळलं नाही."

दुसऱ्या अर्ध्यात मात्र चेंडू कुठंही असो, मामंजी चेंडूकडं बघत नव्हते. एकतीस वर्षं त्यांनी मैदानाच्या कडेला बसून कोण दमला, कोण लंगडतो, कुणी खाल्लं नाही, एवढंच पाहिलं होतं. त्या दिवशीही त्यांनी तेच पाहिलं.

शेवटच्या दहा मिनिटांत त्यांचा एक गोल झाला. आमचा झाला नाही.

गर्दी पांगली. ढालीचे फोटो दुसऱ्या बाजूला चालले होते. चंद्रमौली दोरखंडाखालून आमच्याकडं आला. घाम वाळून तोंडावर पांढरं मीठ उठलं होतं. तो थेट यांच्यासमोर उभा राहिला.

"अण्णा, तूं इथं?"

हे मामंजींकडं बघू लागले.

"घरीं कुणी केलं?" चंद्रमौलीनं विचारलं. "मी वैनीला सांगून निघालों होतों. शनिवारीं मी नाही, अण्णाला रागावूं नको म्हण, मी तिथं माझं सांभाळेन, म्हणून."

त्यानं सांगितलं होतं. गुरुवारी, पिशवी खांद्याला लावून, उंबऱ्यात उभा राहून. शनिवारी पुरुषांचं तेलाचं न्हाणं असतं आणि विहिरीचं पाणी तो ओढतो. मला वाटलं, त्या पाण्याबद्दल बोलतो आहे. मी म्हटलं होतं, जा रे, पाणी काय, मी ओढीन.

"माझं चुकलं," मी म्हणाले. "मी मार्गळीतली अष्टमी धरली. आम्हाला वाटेत कळलं. अय्यमपेट्टैच्या पुढं."

"मला वाटलं, तुम्ही तिला टाकून आलात," तो म्हणाला. "मॅच बघायला. डबा घेऊन."

"मॅच बघायलाच आलों होतों," मामंजी म्हणाले. "कधींपासून खाल्लं नाहीस?"

"काल दुपारपासून."

"पाणी?"

"सकाळीं घेटलं होतं."

"मी वेण्णारांत तीळपाणी दिलं. अण्णा एकादशीला सगळं करेल, तूं घरीं असशील. आतां चल."

यांनी इतक्या वेळानं तोंडातली काडी काढली. "सुटला होतास रे तिघांतून," ते म्हणाले. "झाला असता गोल." चंद्रमौलीनं त्यांच्या खांद्याला हात लावला आणि काढला. तेवढंच.

व्हॅनकडं जाताना तो मागं राहून माझ्याबरोबर चालू लागला. अलमू माझ्या खांद्यावर पेंगत होती. "वैनी, पंचांग माझ्या पेटीत आहे," तो खालच्या आवाजात म्हणाला. "पाडव्याला आणतों ना दरवर्षीं आईसाठीं. यंदाही आणलं. आणल्यावर लक्षांत आलं, वाचून दाखवायला कुणी नाही. मग पेटीत ठेवलं."

"मला दाखव," मी म्हणाले.

संघ बसनं जाणार होता. तो आमच्याबरोबर आला. दिवे गेल्यामुळं व्हॅन मोकळी होती, नुसता पेंढा. पुढची सीटही आता रिकामी होती, पण मामंजी मागंच चढले. मी डबा उघडला आणि अलमूला घास भरवू लागले. भात सकाळचा, पण चिंचेचा, बिघडला नव्हता. वास सगळीकडं पसरला. दोघांपैकी कुणी डब्याकडं पाहिलं नाही. दिवस मावळायला आला होता. अलमूनं मूठभर भात मामंजींपुढं धरला.

"तूं खा," ते म्हणाले. "माझा चेंडू अजून आंत गेला नाही."

"गेला, आप्पा," चंद्रमौली म्हणाला. "त्या माणसानं केव्हांच पिशवीत घातला."

"मी कुठं बघितला?"

गाडी वेण्णारच्या पुलावर आली. पुलावर ती हळू झाली. यांनी मुद्दाम केली की पुढं बैलगाडी होती, ते मागून दिसत नव्हतं. मामंजींनी चंद्रमौलीचा उजवा पाय ओढून स्वतःच्या मांडीवर घेतला आणि घोट्याच्या पट्टीची गाठ शोधू लागले.

तो दचकून उठला. "आप्पा, पायाला हात नका लावूं."

"बस. एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांच्या पायांना लावला."

गाठ घामानं घट्ट झाली होती. त्यांनी ती नखानं सैल केली आणि पट्टी सोडवू लागले, एक वेढा सोडायचा, तेवढाच दुसऱ्या हातात गुंडाळायचा. माती झडून त्यांच्या धोतरावर पडत होती. उजवा पाय झाला. त्यांनी गुंडाळी अंगठ्यानं दाबून पाहिली, सैल लागली, म्हणून सगळी उलगडली आणि पुन्हा पहिल्यापासून घट्ट गुंडाळली. मग डावा पाय मांडीवर घेतला.